संसाराचा जमाखर्च

राज्यांचे जमाखर्च दफ्तरांत जपून ठेवले जातात. संसाराचे जमाखर्च बहुधा रद्दींत जातात. वाण्याकडून आणलेले जोंधळे, घासलेटची बाटली, धाकट्याची शाळेची फी, गांवीं पाठविलेली मनिऑर्डर, ही सारी नोंद ज्या वहींत होते ती वही वर्ष संपलें कीं अडगळींत पडते. लढाया आणि तह यांचा इतिहास लिहिण्यास साधनें पुष्कळ आहेत. परंतु एखाद्या पिढीस पोटभर अन्न मिळत होतें किंवा नाहीं, आणि मिळत असल्यास त्यासाठीं कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावें लागत होतें, या प्रश्नाचें उत्तर त्या वहीवांचून अन्यत्र सांपडणें कठीण असतें.

सुदैवानें मुंबईच्या कामगारवर्गापुरतें हें साधन सर्वस्वीं नष्ट झालेलें नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं त्याच्या घरखर्चाची पद्धतशीर पाहणी झाली आणि पुढें निरनिराळ्या निमित्तांनीं तशा पाहण्या होत राहिल्या. त्या एकापुढें एक मांडल्या म्हणजे एक गोष्ट सहज लक्षांत येते. एकूण खर्चांत अन्नाचा वांटा पूर्वीं निम्म्याहून अधिक होता. तो आज बराच घटला आहे. यावरून संसार सुखी झाला असा निर्णय चटकन् दिला जातो. तो निर्णय पुष्कळ अंशीं खरा आहे. तथापि तो देण्यापूर्वीं हा वांटा ज्या ज्या वेळीं घटला, त्या त्या वेळीं कशानें घटला हें पाहणें अगत्याचें आहे.

अन्नाच्या वांट्यावरून घराची स्थिति ओळखण्याची कसोटी युरोपांतून आली. जर्मनींतील सॅक्सनी संस्थानाच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनीं १८५७ सालीं एक सिद्धान्त मांडला. बेल्जममधील कामकरी कुटुंबांचे जमाखर्च तपासतां त्यांना असें आढळलें कीं, कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या मिळकतीचा मोठा भाग अन्नावर खर्च होतो. मिळकत वाढूं लागली म्हणजे अन्नाचा खर्च वाढतो खरा, पण मिळकतीच्या मानानें त्याचा वांटा कमी होत जातो. कारण उघड आहे. माणसाच्या पोटास मर्यादा आहे. त्याच्या इतर इच्छांस ती नाहीं. हा सिद्धान्त एंगेलच्या नांवानेंच प्रसिद्ध आहे आणि अर्थशास्त्रांतील जे थोडे नियम काळाच्या कसोटीस उतरले त्यांत त्याची गणना होते.

हिंदुस्थानांत अशा मोजमापाची गरज दुसऱ्याच कारणानें भासली. दादाभाई नौरोजी यांनीं १८६७ ते १८७० या काळच्या सरकारी आंकड्यांवरून देशाचें उत्पन्न दर माणशीं वर्षाला अवघे २० रुपये येतें असें दाखविलें. हें उत्पन्न जगण्यास पुरेसें कीं अपुरें, हें ठरविण्यास त्यांनीं जें माप घेतलें तें विलक्षण होतें. सरकार आपल्या तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रावर जो खर्च करतें, त्याच्याशीं त्यांनीं या वीस रुपयांची तुलना केली आणि गुन्हेगाराच्या वाट्यास येतें तेवढेंही निरपराध प्रजाजनाच्या वाट्यास येत नाहीं, असा निष्कर्ष काढला. तुरुंगाचें हें माप पुढें अर्धशतकानें मुंबईंत पुन्हा एकदां वापरलें जावयाचें होतें, आणि तेंही सरकारी अधिकाऱ्याच्या हातून.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले. मजुरीचा वाद सोडवावयाचा तर कामगाराचें पोट कशावर चालतें हें आधीं समजलें पाहिजे. १९२१ सालीं मुंबई सरकारनें लेबर ऑफिस स्थापन केलें आणि त्याचे संचालक फिंडले शिरास यांनीं कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी हातीं घेतली. मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षांत २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेब गोळा झाले. अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै इतकी भरली. खर्चापैकीं शेंकडा ५६.८ अन्नावर, ७.४ सरपण व दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर आणि ७.७ घरभाड्यावर जात असे. औषधपाणी, हजामत, साबण, प्रवास, पानविडी अशा उरलेल्या साऱ्या गोष्टी मिळून १८.५ होत.

या आंकड्यांच्या मागचा संसार अहवालांतच दिसतो. शेंकडा ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. शेंकडा ४७ कर्जांत होतीं, आणि कर्जाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५ असा होता. सर्वांत बोलकें वाक्य आहाराविषयींचें ठरलें. शिरास यांनीं कामगाराच्या धान्याची तुलना दोन सरकारी मापांशीं केली. दुष्काळी कामावरील मजुरास फॅमिन कोडप्रमाणें जें जास्तींत जास्त धान्य मिळूं शके, तेवढें गिरणीकामगार खात होता. परंतु मुंबईच्या तुरुंग-नियमावलीनें कैद्यास ठरवून दिलेल्या आहाराहून तें कमी होतें. दादाभाईंनीं देशाच्या सरासरीविषयीं जें म्हटलें होतें, तेंच आतां एका समृद्ध शहराच्या कामगारांविषयीं सरकारी अहवालांत नमूद झालें.

दहा वर्षांनीं, १९३२-३३ सालीं, लेबर ऑफिसनें तशीच पाहणी पुन्हा केली. या वेळीं १,४६९ कुटुंबांचे हिशेब घेतले गेले. मिळकत थोडी उतरली होती. सरासरी ५० रुपये १ आणा ७ पै. एंगेलचा नियम वरवर लावला तर मिळकत उतरली म्हणजे अन्नाचा वांटा चढावयास हवा. प्रत्यक्षांत तो शेंकडा ५६.८ वरून सुमारें ४७ वर आला. दहा वर्षांत दहा अंश घट! घरभाड्याचा वांटा मात्र ७.७ वरून सुमारें १३ वर गेला आणि किरकोळ खर्चाचा सुमारें २६ वर.

हें कोडें उलगडण्यास मुंबईबाहेर पाहावें लागतें. १९२९ सालीं सुरू झालेल्या जागतिक मंदीनें शेतमालाचे भाव कोसळले. १९१४ सालचा मुंबईंतील कामगाराचा निर्वाहखर्च १०० धरला, तर १९२१ सालीं तो १७३ होता. १९३३ सालीं तो सुमारें १०३ वर आला. पन्नास रुपयांत आतां पूर्वींच्या दीडपटीहून अधिक वस्तु येऊं लागल्या. ज्या कामगाराची नोकरी टिकली त्याच्या चुलीचा भार खरोखरच हलका झाला. नियम मोडला नव्हता. मिळकत रुपयांनीं वाढण्याऐवजीं खरेदीशक्तीनें वाढली होती.

पण हें स्वस्त धान्य आलें कोठून? गिरणगांवांतील कामगार मुख्यतः रत्नागिरी, सातारा आणि देशावरील इतर जिल्ह्यांतून आलेला होता. त्याचे आईबाप, भाऊ, बहुतेकदां बायकामुलेंही गांवीं असत. जोंधळ्याचा भाव पडला म्हणजे परळच्या खोलींत सुटलेला रुपया आणि साताऱ्याच्या खळ्यावर बुडालेला रुपया हे एकाच कुटुंबाच्या दोन खिशांतले असत. शेतसारा रोख आणि ठरलेला. सावकाराचें व्याज रोख आणि ठरलेलें. पडला तो केवळ धान्याचा भाव. तेव्हां गांवाकडची ओढ भागविण्याचा मार्ग एकच उरे, आणि तो म्हणजे मुंबईची मनिऑर्डर. पाहणी मुंबईच्या खोलींतली होती. म्हणून त्या हिशेबांत धान्याची स्वस्ताई दिसली, पण त्या स्वस्ताईची किंमत ज्या वहींत लिहिली गेली ती वही कोणी तपासली नाहीं.

सुटलेल्या पैशाचा एक मोठा भाग घरभाड्यानें घेतला, हेंही विसरतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१८ सालीं, भाडीं बांधून ठेवणारा कायदा झाला होता. १९२१-२२ च्या पाहणींत भाड्याचा वांटा लहान दिसतो त्याचें हें एक कारण होय. पुढें तें बंधन सुटलें. वाण्याचे भाव बाजाराबरोबर उतरतात, घरमालकाचे तितक्या सहजीं उतरत नाहींत. धान्य स्वस्त होऊनही कामगाराचें बिऱ्हाड बहुधा एका खोलीचेंच राहिलें, फक्त त्या खोलीसाठीं खर्चाचा मोठा हिस्सा जाऊं लागला.

शिवाय चुलीचा हा हलकेपणा टिकलाही नाहीं. महागाई उतरली आहे, तेव्हां मजुरीही उतरली पाहिजे, असा युक्तिवाद गिरणीमालकांनीं केला. ठिकठिकाणीं मजुरी कापली गेली आणि १९३४ च्या एप्रिलमध्यें मुंबईच्या कापड-गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. अन्नावरील खर्चाचा वांटा घटला, याचाच आधार घेऊन हातांतील पैसा घटविण्यांत आला. घरखर्चाचे आंकडे हे केवळ अभ्यासाचे नसतात, त्यांवर भाकरी अवलंबून असते, याचा अनुभव कामगारांनीं त्या वर्षीं घेतला.

दुसऱ्या महायुद्धानें हें नातें कायमचें पक्कें केलें. भाव पुन्हा चढूं लागले. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. १९४४ पर्यंत निर्वाहखर्च युद्धपूर्व काळाच्या दुपटीहून अधिक झाला. कामगारास महागाई भत्ता मिळूं लागला आणि तो निर्वाहखर्चाच्या निर्देशांकाशीं जोडला गेला. निर्देशांक म्हणजे एक ठराविक टोपली असते. एका पाहणीच्या वर्षीं सामान्य कुटुंब तांदूळ किती, जोंधळा किती, तेल, कापड, घासलेट किती घेतें हें ठरवून ती भरावयाची, आणि पुढें दरमहा तीच टोपली बाजारांत नेऊन किती रुपयांस पडते तें पाहावयाचें. मुंबईची टोपली १९३२-३३ च्या पाहणींतून भरली गेली आणि जुलै १९३३ ते जून १९३४ हें तिचें पायाभूत वर्ष ठरलें.

ही टोपली पुढें जवळजवळ तीस वर्षें चालली. त्या अवधींत युद्ध झालें, देश स्वतंत्र झाला, १९४७ च्या कायद्यानें मुंबईंतील घरभाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधलीं गेलीं, कामगारांचीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं, चहा हा शौक न राहतां गरज बनला. घर बदललें, त्याला मोजणारी टोपली तीच राहिली. १९५८-५९ सालीं देशांतील अनेक औद्योगिक केंद्रांत नवी पाहणी झाली आणि तिच्यावरून १९६० या पायाभूत वर्षाचा नवा निर्देशांक तयार झाला. आतां जुना निर्देशांक नव्याशीं सांधावयाचा होता. हा सांधा कसा जुळवावा यावर महागाई भत्त्याचे रुपये ठरणार होते. कामगारांस तो हिशेब मान्य नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्यें मुंबईंत त्या प्रश्नावर बंद झाला. महाराष्ट्र सरकारनें प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांची समिति नेमली. समितीनें मुंबईच्या निर्देशांकांतील दोष दाखवून दुरुस्ती सुचविली. सांख्यिकीच्या एका तांत्रिक मुद्द्यासाठीं गिरण्यांचें शहर रस्त्यावर आलें, असा प्रसंग इतरत्र क्वचितच घडला असेल.

१९६० नंतरचे आंकडे सर्व देशांतील औद्योगिक कामगारांचे आहेत, एकट्या मुंबईचे नव्हेत. हा फरक ध्यानांत ठेवून ते वाचले पाहिजेत. १९६० च्या टोपलींत अन्नाचा वांटा शेंकडा ६०.९ होता. १९८२ च्या टोपलींत तो ५७, २००१ च्या टोपलींत ४६.२ आणि २०१६ च्या टोपलींत ३९.१७ झाला. घराचा वांटा १९८२ सालीं ८.६७ होता, तो २००१ सालीं १५.२७ आणि २०१६ सालीं १६.८७ झाला. शिक्षण, औषधोपचार, प्रवास, दळणवळण आदि किरकोळ म्हणून गणलेल्या गोष्टींचा वांटा १९८२ च्या १६.३६ वरून २०१६ सालीं ३०.३१ वर गेला. ज्यास किरकोळ म्हणावयाचें तेंच आतां अन्नाच्या खालोखाल मोठें झालें आहे.

या रांगेंतील एक आंकडा विचार करावयास लावतो. १९३२-३३ मधील मुंबईच्या कामगाराचा अन्नावरील वांटा आणि २००१ च्या टोपलींतील देशांतील कामगाराचा वांटा जवळजवळ सारखाच आहे. दोन्ही शेंकडा ४६ ते ४७ च्या घरांत. केवळ टक्केवारी पाहणाऱ्यास या दोन घरांत भेद दिसणार नाहीं. एका घरांत मंदीच्या लाटेनें धान्य स्वस्त झालें होतें आणि पुढच्याच वर्षीं मजुरी कापली जावयाची होती. दुसऱ्या घरांत दूध, भाजी, फळें, तेल यांचा शिरकाव झाला होता, आणि मुलांच्या शिक्षणावर पैसा जात होता. आंकडा सारखा, संसार निराळे.

दुसरीही एक गोष्ट या आंकड्यांत दिसत नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत गिरण्यांचा जो संप सुरू झाला त्यांत सुमारें अडीच लाख कामगार सामील झाले होते. त्यांतील असंख्यांना पुन्हा गिरणीचें दार दिसलें नाहीं. कामगारांच्या घरखर्चाची पाहणी जे कामावर आहेत त्यांचीच होते. ज्याचें काम गेलें त्याचा हिशेब कामगारांच्या सरासरींतूनही जातो. त्या घरांचे संसार कोणी चालविले, तें गिरणगांवास ठाऊक आहे. पूर्वीं एकट्या कामगारांना जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या, घरकामास जाणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाया यांनीं तीं वर्षें निभावून नेलीं. त्यांच्या मिळकतीचा रकाना कोणत्याही टोपलींत नव्हता.

अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीनें हें चित्र आणखी पुढें नेलें आहे. १९९९-२००० सालीं देशांतील ग्रामीण कुटुंब आपल्या खर्चापैकीं शेंकडा सुमारें २२ केवळ तृणधान्यावर घालीत असे. २०२२-२३ च्या पाहणींत तो वांटा ४.९१ वर आला. शहरांत तर तो ३.६४ इतकाच भरला. त्याच वर्षीं शहरी कुटुंबांनीं पेयें, फराळ आणि तयार खाद्यपदार्थ यांवर शेंकडा १०.६४ खर्च केले, म्हणजे तृणधान्याच्या जवळजवळ तिप्पट. एकूण अन्नाचा वांटा शहरांत ३९.१७ आणि खेड्यांत ४६.३८ होता. ज्या समाजांत जोंधळ्याच्या भावावर लग्नाची तिथि ठरे, त्या समाजाच्या हिशेबांत धान्य हें एक लहानसें कलम होऊन बसलें, ही शंभर वर्षांतील मोठी क्रांति होय. भुकेच्या भयापासून इतक्या घरांची सुटका होणें ही कोणत्याही युगास भूषणावह गोष्ट आहे.

तथापि १९३३ सालचा धडा येथेंही लागू पडतो. धान्याचा वांटा घटण्यास वाढलेली मिळकत कारण आहे, तसें रेशनवरील स्वस्त व २०२० पासून कोट्यवधि लोकांस मिळणारें मोफत धान्यही कारण आहे. तें धान्य सरकार खरेदी करतें, शेतकरी पिकवितो. त्याची किंमत घरच्या वहींत नसली तरी दुसऱ्या कोणाच्या तरी वहींत आहे. चुलीवरचा भार उतरला म्हणजे तो नाहींसा झाला असें होत नाहीं. कांहीं भार खरोखरीच्या समृद्धीनें विरघळतो, कांहीं खळ्यावरच्या माणसाच्या खांद्यावर जातो, आणि जो पैसा सुटला असें वाटतें त्याची वाट घरभाडें, दवाखाना आणि शाळा यांनीं आधींच धरून ठेवलेली असते.

म्हणून जुन्या संसाराचा हिशेब वाचतांना, किंवा आजचा लिहितांना, अन्नाचा वांटा किती हें पाहिल्यावर तेथेंच थांबूं नये. तो वांटा घटला तेव्हां हातीं येणारा पैसा वाढला होता काय, धान्य कोणाच्या तोट्यानें स्वस्त झालें होतें, आणि सुटलेला रुपया कोणत्या दारानें बाहेर गेला, हे तीन प्रश्न विचारले म्हणजेच त्या आंकड्याचा अर्थ लागतो. हीं उत्तरें देण्याचें सामर्थ्य मोठमोठ्या ग्रंथांपेक्षां पहिल्या तारखेस उघडल्या जाणाऱ्या साध्या वहींत अधिक असतें. ती वही बहुतेक घरांत गृहिणीच्या हातची असते. दिवाळीच्या झाडलोटींत असल्या जुन्या वह्या हातीं लागल्या, तर रद्दीच्या गठ्ठ्यांत बांधण्यापूर्वीं त्यांतलीं चार पानें कोणीं तरी वाचावींत. मुंबईच्या खोलींतल्या हिशेबाशेजारीं साताऱ्याच्या खळ्यावरचा हिशेबही तेथें एखादे वेळीं सांपडेल.